खिशातलं पिस्तूल आणि पेढीवरची मांडी
वाचकांचे प्रश्न, आर्मररची उत्तरं

प्रश्न : रविवार पेठेत आमची सराफी पेढी आहे. वय ५४. रात्री दुकान वाढवून स्कूटरवरून सहकारनगरला घरी जातो, बऱ्याचदा सोबत माल असतो. स्वसंरक्षणासाठी बत्तीस बोअरचा परवाना नुकताच मंजूर झाला. विक्रेता कानपूरचं रिव्हॉल्व्हर घ्या म्हणतो. वडिलांचे एक स्नेही त्यांच्याकडचं जुनं जर्मन वॉल्थर पीपीके द्यायला तयार आहेत. चपटं आहे, पँटच्या खिशात मावतं, दिसायलाही देखणं. किंमत मात्र रिव्हॉल्व्हरच्या कितीतरी पट सांगतात. मेहुणे म्हणतात, रिव्हॉल्व्हर जुनाट झालं, रोज जवळ बाळगायला छोटं पिस्तूलच हवं. काय करावं?
- एक सराफ, रविवार पेठ

उत्तर : शेठ, मेहुण्यांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. छोटं पिस्तूल बाळगायला सोपं असतं. चालवायला तेच अवघड असतं, आणि विक्रेत्याच्या काउंटरवर हा दुसरा भाग कळत नाही. मी सैन्यात आर्मरर होतो. जवानांनी चालवलेली हत्यारं खोलायची, तपासायची, दुरुस्त करून परत द्यायची, हे माझं काम. निवृत्तीनंतर आठवड्यातून काही दिवस एका परवानाधारक विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये बसतो. तेव्हा माझं मत कारागिराचं आहे हे धरून वाचा. शौर्याच्या गोष्टी मेहुण्यांकडून ऐका.

आधी बोअरचा, म्हणजे नळीच्या भोकाच्या मापाचा, घोळ मिटवू. बत्तीस बोअर म्हटलं तरी रिव्हॉल्व्हरचं काडतूस वेगळं आणि पिस्तुलाचं वेगळं. रिव्हॉल्व्हरचं लांब, बुडाला रुंद कड असलेलं. पिस्तुलाचं आखूड, कड अगदी नावापुरती. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. घरात उद्या सासऱ्यांचं रिव्हॉल्व्हर असलं म्हणून त्यांच्या पेटीतली काडतुसं पीपीकेसाठी मागायला जाऊ नका. ती बसणार नाहीत, आणि दुसऱ्याच्या परवान्यावरचा दारूगोळा जवळ सापडला तर वेगळाच ताप. मेहुणे नाइन एमएमचा विषय काढणारच, सिनेमात तेच असतं. ते प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं, तुमच्या परवान्यावर मिळत नाही. विषय संपला. बत्तीसच्या पिस्तुलाची गोळी साडेचार ग्रॅमच्या आसपास, नाइन एमएमची साडेसात ते आठ. जोर निम्म्याहून कमी. म्हणजे नेम चुकला तर भरपाई करायला ताकद शिल्लक नाही, जे काय करायचं ते हातानंच. म्हणूनच हत्यार हातात कसं बसतं याला मी इतकं महत्त्व देतो.

आता ते वॉल्थर. पीपीके १९३१ मध्ये निघालं, आणि ते घडवणाऱ्यांना हात जोडावेत असं काम आहे. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागी, काडतूस असलं की घोड्याच्या, म्हणजे मागच्या हातोडीच्या, वर एक बारीक पिन बाहेर डोकावते, अंधारातही अंगठ्याला लागते. सेफ्टी खाली दाबली की ताणलेला घोडा गोळी न सुटता खाली येतो. पहिली गोळी लांब, जड चाप ओढून सुटते, पुढच्या हलक्या चापानं. १९३१ साली हे सगळं एवढ्याशा वस्तूत कोंबणं म्हणजे गंमत नाही. पण तुमच्यासमोरचं पिस्तूल नव्वद वर्षांपूर्वीच्या आराखड्याचं आहे, आणि बहुधा निम्मं आयुष्य कोणाच्या तरी कपाटात तेलाच्या फडक्यात गेलेलं. सामान्य परवानाधारकांसाठी परदेशी हत्यारांची आयात १९८० च्या दशकात बंद झाली. त्यामुळे आज बाजारात फिरणारी वॉल्थर, वेब्ली, ब्राउनिंग तीच ती, हात बदलत आलेली. किंमत जी सांगतात ती दुर्मीळपणाची. त्यातून तुमच्या संरक्षणात काही भर पडत नाही.

तरीही बघायचं असेल तर बघा, पण असं. मालक परवानाधारक, तुम्ही परवानाधारक, आणि जागा विक्रेत्याचं दुकान. मॅगझिन, म्हणजे मुठीतली काडतुसांची पेटी, काढा, स्लाइड, म्हणजे वरचं सरकतं आवरण, मागे ओढून चेंबरमध्ये डोकावा, करंगळीचं टोक घालून खात्री करा. मग स्लाइड पुढे जाऊ द्या आणि लगेच पुन्हा मागे ओढा. बोटांना हलकंसं तेल लावून ओढा, कारण मे महिन्यात तुमच्या हाताला घाम असणारच आहे. या घाटाच्या छोट्या पिस्तुलात गोळी सुटताना मागची बाजू स्लाइडच्या वजनानं आणि स्प्रिंगच्या जोरानंच बंद राहते. वजन कमी, म्हणून स्प्रिंग कडक. पकडायला खाचा जेमतेम दोन बोटांच्या. चोपन्नाव्या वर्षी, सांधे धरत असतील तर, हे पाच वेळा ओढून बघा आणि स्वतःशी खरं बोला.

मग मूठ. पीपीके माझ्या हातात घेतलं की करंगळी बाहेर लोंबते. मॅगझिनच्या तळाशी बोट टेकवायला पुढे आलेला ओठ असेल तर बरं. मूठ वर सरकली, की स्लाइड मागे येताना अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलून काढते. जाड हातांच्या माणसांना हा त्रास हमखास होतो, आणि एकदा कातडी सोलली की पुढच्या वेळी हात आपोआप सैल धरतो. मूठ सैल पडली की असं पिस्तूल अडकायला लागतं.

चापाचं वजन मोजता येतं. आम्ही हुकाचा स्प्रिंगकाटा लावून मोजतो. जुन्या पीपीकेचा पहिला चाप पाच-सहा किलोच्या घरात जातो. हत्याराचं वजन सहाशे ग्रॅमच्या आत आणि चाप ओढायला त्याच्या दहापट जोर, म्हणजे नळी खाली किंवा बाजूला जाणारच. सात मीटरवर कागदावर पाच गोळ्या मारून बघा, सगळ्या पहिल्या जड चापानं. कागदावर त्या कुठे विखुरल्या हे बघितलं की माझं पुढचं उत्तर वाचायची गरजही उरणार नाही. सेफ्टी दाबून घोडा खाली आणायची सोय जुन्या, झिजलेल्या नगात आधी रिकाम्या चेंबरवर, कारागिराच्या देखत तपासायची. भरलेल्या पिस्तुलावर तिची परीक्षा घ्यायची नसते.

आणखी एक बारीक गोष्ट. पिस्तुलाच्या काडतुसाला ती नावापुरती कड असते म्हटलं ना, ती भरताना नडते. मॅगझिनमध्ये प्रत्येक वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे हवी. एखादं मागे राहिलं की वरचं पुढे सरकताना खालच्यात अडकतं आणि सगळं ठप्प. घरी निवांत बसून भरलं तर कळतं. घाईत भरणाऱ्याला कळत नाही. पीपीकेचं मूळ मॅगझिन आज मिळणं कठीण, आणि एकच असेल तर त्याच्या ओठांना एक ठेच लागली की लाखांचं पिस्तूल एका गोळीचं झालं.

आता खिसा. मुळशीकडचे एक गृहस्थ छोटं पिस्तूल वर्कशॉपमध्ये घेऊन आले, 'चाप ओढला की टक् होतं, गोळी सुटत नाही.' खोललं. काडतुसाच्या बुडावर आपटणाऱ्या फायरिंग पिनच्या भोकात कापसाचा लोकरीसारखा गोळा, तेलात मुरलेला. चेंबरच्या तोंडाशी बडीशेपेचे दोन दाणे, एक अर्धा चावलेला. सदऱ्याच्या खिशात पुडी आणि पिस्तूल शेजारी शेजारी नांदत होती. त्यांना याचं हसू आलं, मला आलं नाही. उघड्या खिशात चापापर्यंत किल्ली, पेनाचं टोपण, काहीही पोचतं. खिशात ठेवायचंच असेल तर त्या खिशात दुसरं काही नाही, आणि चाप पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर हवं. रेक्झिनची मऊ म्यानं मिळतात ती दुमडून चापाच्या आत शिरतात. त्यांच्यापेक्षा पिस्तूल घरी ठेवलेलं बरं.

तुमच्या बाबतीत मला जास्त काळजी गादीची आहे. तुम्ही दिवसभर मांडी घालून बसणार. कंबरेला पुढे लावलेलं पिस्तूल पोटात घुसतं आणि नळी मांडीच्या मुळाशी बघते, जिथून मोठी रक्तवाहिनी जाते. मागे उजवीकडे लावलं तर लोडावर टेकलं की मूठ वर सरकते आणि शर्टाबाहेर येते. समोर गिऱ्हाईक, त्यांची पोरं. होल्स्टर विकत घेण्याआधी दुकानातच खाली बसा, वाका, तिजोरीच्या खालच्या कप्प्यातून काहीतरी काढल्याचं नाटक करा, मग बाहेर जाऊन स्कूटरवर बसा. एखाद्या उंच स्पीडब्रेकरवरून जाऊन या. रिकामं हत्यार, परवाना खिशात. विक्रेता हसेल, हसू दे. एवढं करूनही ते जागचं हललं नाही, बोचलं नाही, दिसलं नाही, तर ते होल्स्टर तुमचं.

घामाचंही बघा. जुन्या निळसर पोलादावर मे ते सप्टेंबर अंगालगत ठेवलं की आठवड्यात लाल ठिपके दिसायला लागतात. रोज रात्री कोरडं फडकं, मग तेलाचं. इतकं कराल? मनापासून हो म्हणत असाल तरच पुढे जा.

रिव्हॉल्व्हरकडे येतो. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं बत्तीस बोअर कंबरेत मोडून उघडतं, सहा गोळ्यांचं आहे आणि सुबक अजिबात नाही. चाप जड आहे, फिनिशवर बोलायलाच नको. काडतुसांच्या चक्राचा फुगवटा शर्टातून दिसतो, त्यासाठी शर्ट एक माप ढगळ घ्यावा लागेल. पण एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं समोर येतं. पिस्तुलात तेव्हा स्लाइड ओढावी लागते, आणि त्याला दोन हात लागतात. शेठ, तुमचा दुसरा हात कुठे असतो? पिशवीवर! जुन्या पिस्तुलाच्या भरवशावर चेंबर भरून फिरू नका असंच मी सांगेन, म्हणजे पहिल्या गोळीलाही दोन हात आलेच. रिव्हॉल्व्हर एका हातानं चालतं. माझ्यासाठी निकाल इथेच लागला. थोडे पैसे जास्त घालायची तयारी असेल तर त्याच सरकारी कारखान्याचं २०२३ मध्ये आलेलं 'प्रबळ' बघा. त्याचं चक्र बाजूला उघडतं, भरायला आणि तपासायला सोपं. पन्नास मीटर पल्ल्याची जाहिरात विसरून जा, लक्ष्मी रस्त्यावर पन्नास मीटरमध्ये दोनशे माणसं असतात.

त्यावरूनच पुढचं. पिशवी हिसकावून मोटारसायकल निघाली की काय करायचं? काही नाही. नंबर बघायचा आणि ११२ ला फोन. नव्या न्यायसंहितेतही स्वसंरक्षणाचा हक्क गरजेपुरताच आहे, आणि पाठमोऱ्या माणसावर गर्दीत गोळी झाडून ती गरज कोर्टात सिद्ध करणं कसं असतं ते तुमच्या वकिलांना विचारा. मालाचा विमा निघतो. सराफांसाठी ज्युएलर्स ब्लॉक नावाची पॉलिसी आहे, तिच्यात वाहतुकीतला माल कोणत्या अटींवर धरलाय ते आधी वाचा. तो हप्ता वॉल्थरच्या किमतीपुढे काहीच नाही. हत्यार जिवासाठी, माल विम्यासाठी, अशी वाटणी करून टाका. रोज वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या रस्त्यानं घरी जाणं हे तर फुकटच आहे.

'रोज' या शब्दाबद्दलही मेहुण्यांना सांगा. परवान्याच्या अटी वाचा. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शाळा-कॉलेजचं आवार इथे खास परवानगीशिवाय हत्यार न्यायचं नाही. पुण्यात याचा हिशेब करा. पालख्या मुक्कामाला आल्या की पेठा भरतात. गणपतीचे दहा दिवस तुमच्या दुकानासमोर मांडव. विसर्जन मिरवणूक तर दारावरून. नातीला शाळेतून आणायला गेलात तरी घरी ठेवून जायचं. निवडणूक लागली की जमा करायची नोटीस येऊ शकते. मग ते कुठे राहणार? दुकानात भिंतीत बसवलेली लोखंडी पेटी, घरी तशीच दुसरी, किल्ली फक्त तुमच्याकडे. गुमास्त्याच्या हातात 'जरा धर' म्हणून द्यायचं नाही. परवान्यावर रिटेनर, म्हणजे तुमच्या वतीनं हत्यार बाळगणारा, म्हणून त्याचं नाव नसेल तर तो गुन्ह्यात अडकेल आणि तुम्हीही.

तर रिव्हॉल्व्हर घ्या. वॉल्थर स्नेह्यांकडेच शोभतं. तरीही मोह आवरला नाहीच, तर विकणाऱ्याला आधी लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावं लागतं. पंचेचाळीस दिवसांत पुष्कळांचा मोह उतरलेला मी पाहिलाय. काडतुसं खडकीच्या कारखान्याची घ्या, बुडावर केएफ असा ठसा असतो, आणि वर्षाच्या कोट्यातली निम्मी तरी रायफल क्लबात कागदावर उडवा.

प्रश्न : काका, मी हिंजवडीत आयटी कंपनीत आहे, शिफ्ट रात्री साडेअकराला संपते. बाबा म्हणतात महिलांसाठीचं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर घेऊ या, हलकं आहे, पर्समध्ये राहतं. परवान्यासाठी अर्ज करू का?
- एक वाचक, वाकड

उत्तर : ताई, निर्भीक २०१४ मध्ये आलं तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या घरात होती आणि ते दागिन्यासारख्या मखमली डबीत मिळायचं. डबी पाहून मी तेव्हाच कपाळावर हात मारला होता. वजन पाचशे ग्रॅम, हे त्याचं कौतुक. पण हलक्या रिव्हॉल्व्हरचा धक्का जास्त जाणवतो, आणि चाप हलका झालेला नाही. पर्समध्ये ठेवलं तर चेन उघडा, हात घाला, चार्जर आणि डब्याखालून शोधा, यात जेवढा वेळ जातो तेवढा वेळ समोरचा देत नाही. पर्स हिसकावली तर हत्यारासकट गेली.

त्याहून मोठा प्रश्न वेगळाच. कंपनीच्या गेटवर बॅग तपासतात, हत्यार आत नेऊ देणार नाहीत. मग आठ तास ते कुठे ठेवणार? गाडीत? गाडीची काच फोडायला दोन सेकंद लागतात.

आधी मिरचीचा स्प्रे घ्या, त्याला परवाना लागत नाही. पर्समध्ये नको, हाताशी, किल्लीच्या जुडग्याला. घेतल्यावर मोकळ्या जागी वाऱ्याची दिशा बघून एकदा मारून बघा, नाहीतर वेळेवर स्वतःच्याच डोळ्यांत जाईल. आणि एचआरला लेखी विचारा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर महिलांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती हवी आणि घरापर्यंत सोडण्यासह सुरक्षेची सोय मालकानं करायची आहे. कॅब गल्लीच्या तोंडाशी सोडून पळत असेल तर भांडण तिथे करा. एवढं करूनही कोणी ठरावीक माणूस मागे लागला असेल, धमक्या असतील, तर पोलिसांत तक्रार नोंदवा. परवान्याच्या अर्जात जिवाला धोका आहे असं लिहिलं की चौकशीत विचारलं जातंच, तक्रार केली होती का.

नेमबाजी शिकावीशी वाटत असेल तर मात्र जरूर शिका. बालेवाडीला रेंज आहे. दहा मीटर एअर पिस्तूलवर चाप ओढताना मनगट कसं स्थिर ठेवायचं हे जे कळतं ते काडतुसं उडवून कळत नाही.

प्रश्न : वडील गेल्या महिन्यात वारले. त्यांच्या परवान्यावरचं रिव्हॉल्व्हर कपाटात आहे. मी एकुलता मुलगा. परवाना माझ्या नावावर होईपर्यंत ते घरीच ठेवलं तर चालेल का? छोटं आहे, कुलूपबंद आहे.
- भोर

उत्तर : चालणार नाही. आकारानं आणि कुलुपानं काही फरक पडत नाही. परवाना वडिलांच्या नावाचा होता, आज तुमच्या ताब्यात ते विनापरवाना हत्यार आहे, आणि शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची किमान शिक्षा वाढली आहे. उद्या सकाळी पोलीस ठाण्यात फोन करून कळवा, मृत्यूचा दाखला आणि मूळ परवाना घेऊन जा, आणि हत्यार व उरलेली काडतुसं मोजून तिथे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. पावती घ्या, तिच्यावर क्रमांक नीट वाचून घ्या. वारस म्हणून अर्जाची तरतूद २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. तुम्ही ग्रामीण हद्दीत असल्यानं तो जिल्हाधिकारी कार्यालयात करायचा. बाकी वारस असतील, म्हणजे आई, बहीण, तर त्यांची ना-हरकत लागेल. एकुलता मुलगा म्हणालात, एकुलतं अपत्य म्हणाला नाहीत, म्हणून विचारतो. बहिणीची सही आधीच घेऊन ठेवा.